जिंजर एल घ्यायचंय, पण साखरेचं: अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी

आपल्यातल्या बऱ्याच जणांची जिंजर एलशी पहिली गाठ विमानात पडते. ट्रॉली येते, काय घेणार म्हणून विचारतात, शेजारचा माणूस जिंजर एल म्हणतो म्हणून आपणही मान डोलावतो, आणि चौदा तासांच्या प्रवासात आंबलेल्या तोंडाला ते गार, फिकट सोनेरी, फसफसणारं पाणी एकदम बरं वाटतं. मग इकडे घर लागतं, पहिल्याच किराण्यात बारा कॅनचा खोका येतो, घरी निवांत बसून एक फोडतो आणि वाटतं, अरे यात आलं कुठेय? नुसतं गोड. वर पिऊन झालं की जिभेवर एक चिकट थर राहतो तो वेगळाच.

माझं अगदी हेच झालं होतं. न्यू जर्सीत येऊन आता बरीच वर्षं झाली आणि दर वर्षी कोणी ना कोणी नवीन आलेलं पोरगं विचारतं की ताई तुमच्याकडे पार्टीला ते तिखट जिंजरवालं होतं ते कुठलं, आणि मी परत पहिल्यापासून सुरू करते. म्हणून एकदा लिहूनच टाकते, मक्याच्या पाकाचं नाही तर साखरेचं आणि खऱ्या आल्याचं जिंजर एल कसं शोधायचं ते.

आधी एक शंका मिटवून टाकू, कारण सासूबाई आल्या होत्या तेव्हा फ्रीज उघडून तिथेच उभ्या राहिल्या होत्या. नावात एल आहे, पण ही दारू नाही. जिंजर बीअरसुद्धा दुकानात सोड्याच्या रांगेत मिळते ती दारू नाही. काही जिंजर बीअर खरंच आंबवून करतात पण त्यातलं अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या खाली ठेवलेलं असतं. फरक ढोबळमानाने असा, की एल सौम्य आणि बीअर झणझणीत. (बाटलीवर अल्कोहोलिक असं स्पष्ट लिहिलेले प्रकारही असतात, ते लिकर स्टोअरमध्ये, तेवढं बघून घ्या. चतुर्थीला घोळ नको.)

पायरी १: डबा उलटा करा

पुढची बाजू वाचूच नका. पुढे आल्याचं चित्र असतं, रिअल असतं, नॅचरल असतं, हिरवी पानं असतात. मागे इन्ग्रेडियंट्सची बारीक अक्षरातली यादी असते ती वाचायची. अमेरिकेत नियम असा आहे की वजनाने जे जास्त ते आधी लिहायचं. म्हणजे पहिलं कार्बोनेटेड वॉटर असणारच, आपल्याला बघायचंय दुसरं काय आहे. तिथे हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, म्हणजे मक्यापासून केलेला गोड पाक, लिहिलं असेल तर डबा परत शेल्फवर. शुगर किंवा केन शुगर असेल तर पुढे वाचा.

कॅनडा ड्राय, श्वेप्स, सीग्राम्स, हे जे ढिगाने रचलेले दिसतात त्यांच्या इकडच्या नेहमीच्या डब्यात दुसरा नंबर कॉर्न सिरपचाच असतो. कॅनडा ड्राय टोरांटोच्या जॉन मॅकलॉफ्लिन नावाच्या फार्मासिस्टने १९०४ मध्ये काढलं, त्यातलं ड्राय म्हणजे कमी गोड, आणि अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात, १९२० ते १९३३, चोरून बनवलेल्या वाईट दारूची चव झाकायला हे लोकांना फार सोयीचं पडलं. म्हणजे इतिहास झकास आहे, पण आजच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम गोडवा आहे, चहाचे आठ-साडेआठ चमचे, याला ड्राय कोण म्हणेल. त्यांच्या लेबलवर आधी खऱ्या आल्यापासून बनवलेलं अशी ओळ असायची, त्यावरून ग्राहकांनी अमेरिकेत खटले भरले, कंपनीने तडजोड केली आणि ती ओळ इकडच्या लेबलवरून काढून टाकली. म्हणून म्हणते, पुढची बाजू वाचू नका.

पायरी २: शब्द ओळखा

नुसतं शुगर लिहिलं असेल तर ती उसाची किंवा बीटची साखर, इकडच्या नियमाप्रमाणे त्या एका शब्दाचा तेवढाच अर्थ होतो. केन शुगर म्हणजे उसाचीच. काही जुन्या बाटल्यांवर इव्हॅपोरेटेड केन ज्यूस असलं भारदस्त नाव दिसायचं, ती पण साखरच, २०१६ मध्ये एफडीएने, म्हणजे इकडच्या अन्न आणि औषध खात्याने, सांगितलं की सरळ शुगर लिहा, रस वगैरे म्हणून लोकांना फसवू नका. आणि मक्यावाल्यांनी उलटा प्रयत्न करून पाहिला होता, कॉर्न सिरपचं नाव बदलून कॉर्न शुगर करू द्या म्हणून अर्ज केला होता, तो एफडीएने २०१२ मध्ये फेटाळला. एवढ्या एका शब्दासाठी ही मारामारी.

पुढे बघा स्टीव्हिया, सुक्रालोज, अस्पार्टेम, एरिथ्रिटॉल यातलं काही आहे का, हे साखरेऐवजी वापरायचे स्वीटनर. ही हुशारी अलीकडे फार वाढलीये, पुढे मोठ्या अक्षरात केन शुगर आणि मागे चौथ्या नंबरवर स्टीव्हिया, म्हणजे साखर खरी पण थोडीच आणि बाकीचा गोडवा दुसऱ्याच कशाचा, तो घशात मागे कडवट लागतो. लाइट लिहिलेल्यांमध्ये हे जास्त. आणि शेवटचं, जिंजर हा शब्द यादीत सुटा आहे का बघा. जिंजर, जिंजर एक्स्ट्रॅक्ट, जिंजर ज्यूस असं काही. नुसतंच नॅचरल फ्लेवर्स असेल तर आलं किती ते कंपनीलाच ठाऊक.

आता कॉर्न सिरप का, तर स्वस्त म्हणून. बाहेरून येणाऱ्या साखरेवर इकडे कोटा आणि कर आहे त्यामुळे साखर महाग, आणि मका इकडे अमाप पिकतो. १९८४ मध्ये कोक आणि पेप्सी दोघांनी अमेरिकेत साखर सोडून पूर्ण कॉर्न सिरपवर जायचं ठरवलं आणि बाकीचेही त्याच वाटेने गेले. आपल्याकडे हा प्रश्नच कधी आला नाही. उसाच्या राज्यातून आलेल्या माणसाला सोड्यात साखर आहे की नाही हे शोधायला लागावं ही गंमतच आहे.

तब्येतीचं मात्र खरं सांगते, कारण व्हॉट्सॅपवर यावर वाटेल ते फिरतं. सोड्यातल्या कॉर्न सिरपमध्ये साधारण ५५ टक्के फ्रुक्टोज असतं, साखरेत निम्मं ग्लुकोज निम्मं फ्रुक्टोज, आणि आंबट सोड्यात साखर पडून राहिली की तिचेही बऱ्यापैकी तसेच दोन तुकडे होतात. म्हणजे साखरेचं पितोय म्हणून ते औषध होत नाही, आठ चमचे ते आठ चमचेच. डायबेटिस असेल तर हा सगळा लेख सोडून द्या आणि साधा सोडा लिंबू पिळून प्या. मग मी एवढा आटापिटा का करते? चवीसाठी. आणि अजून एक, जी कंपनी महागाची साखर घालते ती सहसा आल्यालाही हात आखडता घेत नाही. साखर शोधायला गेलं की आलं आपोआप सापडतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

पायरी ३: बरोबर रांगेत जा

सगळ्यांची चूक इथे होते. सोड्याच्या लांबच लांब रांगेत दोन लिटरच्या बाटल्या आणि बारा कॅनचे खोके बघत फिरायचं आणि मग म्हणायचं काही मिळत नाही. तिथे मिळणारच नाही. मिक्सर्सचा, म्हणजे दारूत मिसळायच्या पेयांचा, भाग शोधा, टॉनिक वॉटर, कॉकटेलची सिरपं, ऑलिव्हच्या बरण्या जिथे असतात तिथे. दुसरी जागा म्हणजे काचेच्या बाटल्यांचे चार-चारचे पॅक असतात ती, क्राफ्ट सोडा म्हणतात त्याला. तिसरी, नॅचरल किंवा ऑरगॅनिक म्हणून वेगळी रांग असते ती. न्यू जर्सीत किराणा दुकानात बहुतेक ठिकाणी दारू नसते, त्यामुळे चांगले मिक्सर्स कित्येकदा लिकर स्टोअरमध्येच जास्त असतात, पीत नसाल तरी आत जायला लाजू नका, मी नेहमी जाते आणि दोन बाटल्या जिंजर एल घेऊन बाहेर येते, काउंटरवरचा माणूस आता ओळखतो.

चौथी जागा वर्षातून एकदाच उपयोगी पडते. मार्च-एप्रिलमध्ये ज्यू लोकांचा पासओव्हर असतो, त्यात बऱ्याच ज्यू घरांमध्ये मका चालत नाही, म्हणून त्या दिवसांपुरता कोक साखरेचा निघतो, दोन लिटरची बाटली आणि पिवळं झाकण. ज्या भागात ज्यू वस्ती आहे तिथल्या दुकानात कोशरचं, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमात बसणाऱ्या खाण्याचं, शेल्फ लागतं तेव्हा तिथे चक्कर मारा. जिंजर एल मिळेलच असं नाही, नशिबाचा भाग आहे, पण झाकणावर किंवा लेबलवर गोलातला यू आणि त्याच्या शेजारी पी असेल तर बाटली उलटी करून वाचाच.

पाचवी, जर्सीतल्या ओक ट्री रोडवरची आपली भारतीय दुकानं. जिंजर एलसाठी नाही हो, पण भारतातून आलेली थम्सअप, लिम्का साखरेचीच असते, आणि आपल्याला इथे खरं लागतं ते आलं. त्याच्याकडे पुढे येते.

बिलावर बाटलीमागे पाच सेंट जास्त लागले तर भांडू नका, न्यूयॉर्कमध्ये ते डिपॉझिट असतं, रिकामी बाटली परत केली की मिळतं. मिशिगनमध्ये दहा सेंट. जर्सीत नाही.

पायरी ४: कुठलं घ्यायचं

मी तिखटपणाच्या चढत्या क्रमाने सांगते, म्हणजे एकदम वरच्या पायरीवर उडी मारून ठसका लागायला नको.

पहिलं फीव्हर ट्री. ब्रिटिश कंपनी आहे, २०० मिलीच्या छोट्या काचेच्या बाटल्या, आता जवळजवळ सगळीकडे मिळतं. तीन ठिकाणचं आलं वापरतात, आयव्हरी कोस्ट, नायजेरिया आणि आपलं कोचीन. गोडी बेताची, वास फार छान, बुडबुडे अगदी बारीक. फक्त त्यांचं लाइट घेऊ नका, त्यात साखरेच्या जागी फ्रुक्टोज असतं. लहान बाटली म्हणून महाग वाटतं ते खरंय, पण पाहुण्यांसमोर ठेवायला हेच.

मग बॉयलन. हे आपल्या जर्सीचं, १८९१ मध्ये पॅटरसनला विल्यम बॉयलन नावाच्या फार्मासिस्टने सुरू केलं (या धंद्यात सगळे फार्मासिस्टच कसे काय देव जाणे, पण तेव्हा सोडा औषधांच्या दुकानातच मिळायचा). उसाची साखर, काचेची बाटली, चव जुन्या पद्धतीची, गोडीला जरा जास्त. मुलांना हेच आवडतं. पुण्याच्या कॅम्पात अर्देशीरची रास्पबेरी प्यायलेल्यांना बाटली हातात घेतल्यावर आपल्या माणसात आल्यासारखं वाटेल.

ब्रूस कॉस्ट हे माझं लाडकं. न गाळलेलं असतं, तळाशी आल्याचा गाळ बसलेला दिसतो, तो खराब नाही, तीच तर मजा आहे. उघडायच्या आधी बाटली हळूच उलटी करून सरळ करायची. हलवायची नाही हं, मी एकदा घाईत खोकल्याच्या औषधासारखी हलवली होती आणि किचनचं सीलिंग पुसायला स्टूल आणावं लागलं होतं. यादी अगदी छोटी, पाणी, आलं, उसाची साखर, सायट्रिक अॅसिड. आल्याच्या वड्या खाऊन वाढलेल्या माणसाला हे पटकन कळतं.

रीड्स. मूळचं कॅलिफोर्नियाचं, जमैकन पद्धतीचं, बाटलीवाल्या जिंजर ब्रूमध्ये उसाची साखर, मध, अननसाचा रस आणि ताजं आलं. एक्स्ट्रा म्हणून जास्त आल्याचा प्रकार मिळतो तो आपल्या जिभेला बरोबर लागतो. आता यांचे कॅन, झिरो शुगर असे बरेच प्रकार झालेत आणि सगळे एकसारख्या हिरव्या-पिवळ्या रंगात, तेव्हा परत पायरी १.

बंडाबर्ग ऑस्ट्रेलियाचं, बुटक्या तपकिरी बाटलीत. हे एल नाही, जिंजर बीअर आहे, पण बिनदारूची आणि उसाची. ते बंडाबर्ग गावच ऊस आणि रम यासाठी प्रसिद्ध आहे, कोल्हापूर-सांगलीच्या माणसाने तर एकदा घ्यावंच.

आणि सगळ्यात वर ब्लेनहाइम. साऊथ कॅरोलिनात १९०३ पासून बनतं, आय-९५ हायवेने फ्लोरिडाला गाडीने जाताना दोन्ही कॅरोलिनांच्या हद्दीवर साऊथ ऑफ द बॉर्डर नावाचं ते विचित्र रंगीबेरंगी ठिकाण लागतं ना, तिथेच. त्यातलं हॉट लिहिलेलं प्यायलात तर पहिल्या घोटाला खोकला, दुसऱ्याला नाकात पाणी आणि तिसऱ्याला अजून एक उघडावंसं वाटतं. आधी सौम्य प्रकार घ्या. आमच्याकडच्या एका काकांनी ऐकलं नाही, ठेचा खातो म्हणाले, आणि मग दहा मिनिटं बोलू शकले नाहीत.

डेट्रॉइटकडे असाल तर लोक व्हर्नर्स, व्हर्नर्स करतील. १८६६ पासूनचं नाव, मुरलेली व्हॅनिलासारखी चव, त्यात व्हॅनिला आइस्क्रीम घालून बॉस्टन कूलर करतात तो जरूर खा. पण आताच्या डब्यात कॉर्न सिरप असतं, तेव्हा आपल्या शोधात ते बसत नाही. प्रेमाने प्या, यादीत धरू नका.

रेस्टॉरंटमध्ये जिंजर एल मागवताना एक लक्षात ठेवा. बारमध्ये कित्येकदा जिंजर एल नसतंच, स्प्राइटमध्ये दोन थेंब कोक टाकून रंग आणतात आणि देतात. मी अनेक महिने हे आनंदाने पीत होते. बाटलीतलं आहे का असं विचारायचं, नाही म्हणाले तर लेमोनेड घ्यायचं.

कॅनडावाल्यांनो, तुमच्याकडे कॉर्न सिरपला ग्लुकोज-फ्रुक्टोज म्हणतात, आणि लेबलवर शुगर, तिरकी रेघ, ग्लुकोज-फ्रुक्टोज असं लिहिलं असेल तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं. इंग्लंडमध्ये अडचण वेगळी, तिथे २०१८ मध्ये साखरेवर कर आला तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांनी साखर कमी करून स्वीटनर घातले, तिथे मका नाही तर स्वीटनर शोधत बसा.

पायरी ५: घरी करायचं असेल तर

महिन्याला दोन-तीन पॅक लागायला लागले की हिशेब जड जातो, आणि खरं सांगायचं तर घरचं जास्त चांगलं होतं. पाव किलो आलं घ्या, आपल्या दुकानातलं, सुपरमार्केटमध्ये दोन बोटांएवढ्या तुकड्याला जे पैसे घेतात ते देऊ नका. कोंब ताजा, साल पातळ आणि टणक हवी. चमच्याच्या कडेने साल खरवडा, सुरीने निम्मं आलं वाया जातं. जाडसर किसा किंवा खलबत्त्यात ठेचा. मिक्सर चालतो पण फार गुळगुळीत करू नका, गाळताना जीव जातो.

पातेल्यात किसलेलं आलं, दोन वाट्या पाणी, दोन वाट्या साखर. उकळी आली की गॅस बारीक करून वीसेक मिनिटं ठेवा. यापेक्षा जास्त उकळू नका, ताज्या आल्याचा जो झणका आहे तो जिंजरॉलचा, उष्णतेने तो बदलत जातो आणि चव मऊ पडते. म्हणून मी एक मूठ किसलेलं आलं बाजूला ठेवते आणि गॅस बंद केल्यावर घालते, झाकण लावून तासभर विसरून जाते. अजून तिखट हवं तर चिमूटभर सुंठ, आलं वाळताना जिंजरॉलचं शोगॉल होतं आणि ते जास्त जहाल असतं, म्हणून सुंठ जपून. गार झाल्यावर पातळ फडक्यातून पिळून गाळा, एका मोठ्या लिंबाचा रस आणि अगदी कणभर मीठ. काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये दोन आठवडे आरामात राहतं.

ग्लासात बर्फ, एक भाग सिरप, चार भाग सोडा. सोडा शेवटी आणि ग्लासच्या कडेने, चमच्याने एकदाच तळापासून वर, ढवळत बसलात तर गॅस गेला.

आता सोडा कुठला, इथे मी स्वतः आपटलेय. आल्या-आल्या पहिल्याच महिन्यात सोडा म्हणून टॉनिक वॉटरची बाटली आणली, त्यात सिरप घातलं, पाहुण्यांना दिलं आणि सगळ्यांची तोंडं कारलं खाल्ल्यासारखी. टॉनिकमध्ये क्विनीन असतं, म्हणून कडू, आणि वर ते गोडही असतं. इकडे सोडा मागितला तर कोक देतात तो अजून वेगळा गोंधळ. आपल्याला हवा तो साधा सोडा म्हणजे सेल्टझर, त्यात फक्त पाणी आणि गॅस. क्लब सोड्यात थोडे क्षार असतात, तोही चालतो, मग वरचं मीठ घालू नका. स्पार्कलिंग मिनरल वॉटर पण चालतं पण बुडबुडे कमी. घरात सोड्याचं मशीन असेल तर पाणी आधी गार करून घ्या, गॅस जास्त धरतं, आणि गॅस फक्त साध्या पाण्यात भरायचा, सिरप नंतर.

पोट बिघडलं की इकडे मुलांना गॅस उडवलेलं जिंजर एल देतात, शेजारीण तुम्हालाही सांगेल. जुलाब होत असताना एवढी साखर बरी नाही, तेव्हा ओआरएसच द्या.

आणि गाळून उरलेला चोथा टाकू नका. त्यात पाकाची गोडी उरलेली असतेच, थोडी साखर आणि चमचाभर तूप घालून कढईत घोटा, गोळा व्हायला लागला की ताटलीत थापून सुरीने रेघा मारा. आलेपाक मऊ होतो, दुकानातल्यासारखा खुटखुटीत नाही, पण सकाळच्या ट्रेनमध्ये खोकला आला की खिशातून काढायला पुरतो.